वेळ कोणाची? : लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाच्या काही रीती

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील गाव दोन रस्त्यांच्या छेदावर वसले आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. अहिल्यानगर-करमाळ्याकडून येणारा रस्ता याच ठिकाणी महामार्ग ओलांडून पंढरपूरची वाट धरतो. पुणे येथून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि पंढरपूर सुमारे ४५. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, उजनीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या कारखान्यांकडे जाणारी वर्दळ, एस.टी. आणि मालमोटारी यांच्या गर्दीत गेल्या काही वर्षांत आणखी एक वाटसरू दिसू लागला आहे: लांब पल्ल्याचा सायकलस्वार.

हे सायकलस्वार एका जातीचे नाहीत, हे ध्यानात यायला आम्हांला वेळ लागला. थंडीच्या दिवसांत पहाटे एकटादुकटा येतो, टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतो, खिशातील कार्डावर वेळ टिपतो आणि कोणाशी फारसे न बोलता निघून जातो. आषाढीच्या आधी शेकडोंचा समूह येतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे, पुढे भगवी पताका, मागे टेम्पो आणि मुखी विठ्ठलनाम. पाहणाऱ्याला दोघेही 'सायकलवालेच' वाटतात. आम्हांलाही तसेच वाटत होते. आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला या दोहोंकडे वेगवेगळे पाहायला भाग पाडले.

सोलापूरहून निघून भीमानगरच्या पुलापर्यंत यायचे आणि परत जायचे, अशा २०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेत तो उतरला होता. मुदत साडेतेरा तासांची. परतताना पौषातला पूर्वेचा वारा तोंडावर आला आणि तो १३ तास ५० मिनिटांनी पोहोचला. नियमानुसार त्याचे नाव पूर्ण करणाऱ्यांत लागले नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी येऊन त्याने विचारले, "सर, मी दोनशे किलोमीटर गेलो की नाही?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला: "पुढच्या वेळी ब्रेव्हे करू, की सायकलवारीला जाऊ?"

पहिल्या प्रश्नाला आम्ही 'गेलास' असे उत्तर दिले. त्याने त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्याला आमच्याजवळ उत्तरच नव्हते. ते शोधताना असे दिसले, की या दोन प्रवासांमध्ये निवड करणे म्हणजे अंतर, वेग किंवा खर्च यांत निवड करणे नव्हे. प्रवासाला घातलेल्या वेळेचा भार कोणी वाहायचा, ही खरी निवड आहे. सायकलीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात लोक नेमके यावरून भांडले, वेगळे झाले आणि त्यांनी वेगवेगळ्या रीती घडवल्या.

आरंभ आपल्याच भाषेतील एका शब्दापासून करता येईल. 'शर्यत' हा शब्द आपल्याकडे अरबी 'शर्त'पासून आला. शर्त म्हणजे अट, करार. अट घालून लावलेली पैज, आणि त्यातून धावण्याची चढाओढ, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. म्हणजे शर्यतीच्या पोटात अट आहे. लांब पल्ल्याच्या प्रत्येक संघटित प्रवासाला अट असतेच. ती कोणी घातली आणि कोणाविरुद्ध घातली, एवढाच फरक.

पहिली रीत उघड शर्यतीची. १८९१ मध्ये 'ल पती जुर्नाल' या फ्रेंच वृत्तपत्राचे संपादक पियेर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत जाऊन परत येण्याची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत योजली. दोनशेहून अधिक स्वार निघाले. शार्ल तेरों याने जवळजवळ न झोपता ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. उरलेले पुढे कित्येक दिवस पोहोचत राहिले, आणि सुमारे शंभर जणांनी ती पुरी केली. वृत्तपत्राला वाचक हवे होते, सायकलीच्या कारखानदारांना जाहिरात हवी होती, आणि लोकांना पाहायचे होते की माणूस स्वतःच्या बळावर किती दूर जाऊ शकतो. आपल्याकडे तेव्हा सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते १८८८ मध्ये, म्हणजे या शर्यतीच्या अवघी तीन वर्षे आधी.

शर्यतीत वेळेचा भार प्रतिस्पर्ध्यावर असतो. मला किती तास लागले याला स्वतंत्र अर्थ नसतो; दुसऱ्याला किती लागले, त्याच्या तुलनेतच तो ठरतो. या रीतीचे टोक आज अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे ४८०० किलोमीटरच्या 'रेस अक्रॉस अमेरिका'त दिसते. तीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, ती पार केली. अशा शर्यतीत स्वाराच्या मागे गाडी असते. गाडीत चालक, मदतनीस, अन्नपाणी, सुटे भाग. स्वार एकटा म्हटला जातो, पण त्याच्या एकटेपणामागे दहाबारा माणसांची जागरणे असतात. पुणे ते गोवा ही सुमारे साडेसहाशे किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' याच घराण्यातील. ही वाट निवडणाऱ्याने आधी स्वतःच्या पायांपेक्षा आपल्यासाठी जागणारी माणसे मोजावीत.

दुसरी रीत इटलीत जन्मली. १२ जून १८९७ रोजी बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सकडे निघाले. सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत सुमारे २३० किलोमीटर जायचे, एवढीच अट. पहिला कोण, हा प्रश्न नव्हता. अशा धाडसी मंडळींना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धीट. ही कल्पना फ्रान्समध्ये नेली आंरी देग्रांज याने. तो 'लोतो' या क्रीडापत्राचा संपादक. १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर जाण्याचा, मान्यताप्राप्त असा पहिला विक्रम त्याच्या नावावर होता, आणि १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' त्यानेच सुरू केली. म्हणजे घड्याळाशी आणि स्पर्धेशी त्याचे नाते जुने होते. पण १९०४ मध्ये त्याने सामान्य हौशी स्वारांसाठी ऑडॅक्स आणले, तेव्हा त्यात स्पर्धेला स्थान ठेवले नाही. सर्वांनी एकत्र जायचे, पुढे एक नायक, त्याने गती राखायची, त्याला कोणी ओलांडायचे नाही, थांबे ठरलेले. आजही या पद्धतीच्या प्रवासात सामान्यतः ताशी २२.५ किलोमीटरची गती धरली जाते. त्याच वर्षी हे प्रवास भरवण्यासाठी 'ऑडॅक्स क्लब पारिझियां' ही संस्था स्थापन झाली.

येथे वेळेचा भार नायकाच्या खांद्यावर आहे. अनुयायाने घड्याळ पाहायचे कारण नाही. पुढच्याचे चाक पाहिले की पुरे. दमणाऱ्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो, नवख्याला वाट चुकण्याची धास्ती राहत नाही. किंमत एवढीच, की ज्याला वेगाने जायचे आहे त्यानेही आवरायचे आणि ज्याला रेंगाळायचे आहे त्यानेही नाही रेंगाळायचे.

ही किंमत किती, यावर पुढे प्रयोगच झाला. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लब यांच्यात वितुष्ट आले आणि ऑडॅक्स भरवण्याची अनुमती क्लबकडून काढून घेण्यात आली. क्लब बंद पडला नाही. त्याने त्याच वर्षी नवी रीत काढली: नायक नाही, समूहाची गती नाही, प्रत्येकाने आपल्या गतीने जावे, मात्र ठरलेल्या ठाण्यांवर ठरलेल्या वेळांच्या आत पोहोचावे आणि कार्डावर शिक्का घ्यावा. पूर्ण करणाऱ्याला 'ब्रेव्हे', म्हणजे प्रमाणपत्र. असा स्वार तो 'रॅन्दोनर', दूरचा भटक्या. आज जगभर चालणाऱ्या ब्रेव्हेंचे मूळ या भांडणात आहे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर थांबली. रॅन्दोनरांसाठी मात्र ती चालू राहिली. १९७५ पासून ती दर चार वर्षांनी होत आली आहे आणि नव्वद तासांत १२०० किलोमीटर ही तिची कमाल मुदत आहे. जिने शर्यत म्हणून जन्म घेतला ती ब्रेव्हे म्हणून जगली, ही गोष्ट वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात रमणाऱ्यांना परकी वाटू नये. महाकाव्य संपते आणि त्याच कथावस्तूवर कादंबरी उभी राहते, तसेच काहीसे हे आहे.

भाषेची एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. भांडणानंतरही क्लबने आपल्या नावातला 'ऑडॅक्स' शब्द सोडला नाही, जरी तो स्वतः भरवत होता ते ऑडॅक्स नव्हते. भारतात ब्रेव्हे भरवणाऱ्या संस्थेचे नावही 'ऑडॅक्स इंडिया रॅन्दोनर्स' असे आहे. १९२१ मध्ये ज्या दोन शब्दांनी परस्परांशी काडीमोड घेतला, ते या नावात शेजारीशेजारी नांदतात. त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. ऑडॅक्स म्हटले की सगळे मिळून जातील, कोणी आपल्याला सांभाळील, अशी समजूत करून तो येतो आणि पहिल्या दहा किलोमीटरांतच एकटा पडतो. आमच्या विद्यार्थ्याचेही हेच झाले होते.

ब्रेव्हेचा हिशेब सोपा आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस आणि १००० ला पंचाहत्तर. ६०० पर्यंतचे चारही पल्ले एकाच हंगामात पूर्ण केले तर 'सुपर रॅन्दोनर' ही पदवी. निकालात क्रमांक नसतो, बक्षीस नसते. ठाण्यांखेरीज कोठेही आपल्या माणसांची मदत घेता येत नाही. पंक्चर आपणच काढायचे, पाणी आपणच शोधायचे. २०० ला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही नाही. ऐकताना ही गती किरकोळ वाटते. पण घड्याळ जेवताना थांबत नाही, पंक्चर काढताना थांबत नाही, वारा तोंडावर आला म्हणून तर मुळीच थांबत नाही. येथे वेळेचा सगळा भार एकट्या स्वारावर असतो. पुढे दोष द्यायला प्रतिस्पर्धी नाही, मागे बोल लावायला नायक नाही. म्हणूनच ते अपयश एवढे बोचते.

आता वारीकडे वळू. टेंभुर्णीवरून वाहणारा पंढरीचा ओघ जुना आहे. तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीकडे वळते, त्यामुळे ती आमच्या गावात येत नाही. त्र्यंबकेश्वरहून येणारी निवृत्तिनाथांची पालखी मात्र करमाळा, जेऊर, कंदर, करकंब अशी या परिसरातून जाते. सायकलवारी त्या मानाने कालची. नाशिकच्या सायकलस्वारांची २०१२ मध्ये सुरू झालेली पंढरपूर वारी अहिल्यानगर-करमाळा-टेंभुर्णी याच वाटेने येत आली आहे. पुणे-पिंपरी-चिंचवडकडील मंडळीही निघतात. पुण्याहून टेंभुर्णीमार्गे पंढरपूर हे अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडेसेच जास्त भरते. म्हणजे सर्वांत लहान ब्रेव्हे आणि पुणेकरांची सायकलवारी यांचा पल्ला जवळजवळ एकच. मग फरक कशात?

'वारीत घड्याळ नसते' असे उत्तर चटकन दिले जाते. आम्हीही ते वर्गात दिले आहे, आणि ते चूक आहे, हे येथे मान्य करतो. वारीइतका वेळेचा काटेकोर हिशेब क्वचितच कोठे असेल. देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून माउलींची अष्टमीला निघते, आणि आषाढ शुद्ध दशमीला दोन्ही पंढरपुरात पोहोचतातच. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, रिंगणांच्या जागा ठरलेल्या. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तीत रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. ब्रेव्हेची ठाणी आणि पालखीचे मुक्काम यांत रचनेच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. एकादशी ही तर अशी मुदत आहे की जी कोणाच्या विनवणीने पुढे ढकलता येत नाही.

अंतर आहे ते भार वाहण्यात. मुक्कामाच्या ठिकाणी होणाऱ्या समाजआरतीचा प्रसंग पाहावा. दिंड्या गोलाकार जमतात, टाळमृदंगांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सारे शांत होते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीत राहते. मग तिच्यापर्यंत जाऊन तक्रार ऐकली जाते. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. या क्रमाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो: आधी तक्रार, मग हरवलेले, मग उद्याची वेळ. मागे कोण राहिले आणि कशाने राहिले हे ऐकल्यावाचून पुढची वेळ जाहीर होत नाही. वारीत मुदत कठोर आहे, परंतु ती पाळण्याची जबाबदारी दिंडीची आहे. वारकरी एकटा उशीर करू शकत नाही. उशीर झाला तर दिंडीला होतो.

या निकषावर आजच्या सायकलवाऱ्या तपासल्या तर चित्र संमिश्र दिसते. समूहाने जाणे, पुढे-मागे स्वयंसेवक, ठरलेली गती, मुक्कामाची सोय या गोष्टींनी त्यांची रचना देग्रांजच्या ऑडॅक्सच्या अगदी जवळ जाते. नाव पंढरीचे आणि बांधणी पॅरिसची, असे झाले तरी त्यात कमीपणा नाही; टाळ-मृदंगाच्या साथीला हार्मोनियम आली तेव्हाही ती परदेशातूनच आली होती. प्रश्न दुसरा आहे. दमलेल्याला टेम्पोत घालून मुक्कामी आणणे ही सोय झाली. त्याच्यासाठी सगळ्यांनी गती कमी करणे ही दिंडी झाली. ज्या सायकलवारीत दुसरे घडते तिला वारी म्हणावे. जिथे केवळ पहिले घडते तिला सहल म्हणायला आमची हरकत नाही.

या सगळ्यांहून वेगळी एक रीत महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. २४ डिसेंबर १९८५ रोजी बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' अभियानात शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले आणि पाच हजारांहून अधिक किलोमीटर तुडवीत काश्मीरच्या दिशेने गेले. १९८८ मध्ये इटानगरहून ओखापर्यंत दुसरे अभियान झाले. बाबांचा कणा त्यांना बसू देत नव्हता. ते वाहनात आडवे पडून बरोबर होते. या प्रवासात सायकल चालवणे हे मुक्कामाला पोहोचण्याचे साधन होते आणि मुक्काम हे माणसांशी बोलण्याचे. वेळेचा भार येथे वाटेवरच्या गावांवर होता म्हणावे लागते: गाव जितके बोलेल तितके थांबायचे. जे सायकल चालवताना कंटाळतात पण थांबल्यावर खुलतात, त्यांनी ही रीत विसरू नये.

तेव्हा निवड कशी करावी? आपल्या वेगाच्या चाचण्या घेऊन ती करता येत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उशीर झाला तर तो कोणाचा उशीर असावा असे मला वाटते? दुसऱ्यापेक्षा मागे पडल्याचे दुःख ज्याला पेलते आणि ज्याच्यामागे जागणारी माणसे आहेत, त्याने शर्यतीकडे जावे. दुसऱ्यावर गती सोपवून निर्धास्त होणे ज्याला जमते, त्याला ऑडॅक्सच्या धर्तीचा समूहप्रवास मानवेल. आपल्या उशिराचा हिशेब आपल्याशीच मांडण्याची ज्याची तयारी आहे, त्याने ब्रेव्हे करावी. मात्र करताना परतीच्या वाऱ्यासाठी तास-दीड तास गाठीशी ठेवावा, रात्रीसाठी दिवे आणि अंगावर चमकणारे जाकीट असावे, कारण महामार्गावरच्या मालमोटारीला आपली निष्ठा दिसत नाही. दुसऱ्याचा उशीर आपला मानायची तयारी असेल तर वारी. हे शेवटचे सर्वांत सोपे वाटते. आमच्या मते ते सर्वांत कठीण आहे, कारण तेथे पाय शाबूत असतानाही थांबावे लागते.

परीक्षा घेणारे आम्ही लोक. तीन तासांनी उत्तरपत्रिका ओढून घेण्याचा आमचा धर्म ब्रेव्हेच्या धर्माहून निराळा नाही. त्यामुळे त्या विद्यार्थ्याला 'वीस मिनिटांनी काय होते' असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. वीस मिनिटांनी ब्रेव्हे जाते, आणि जायलाच हवी. नाहीतर जे वेळेत पोहोचले त्यांच्या कार्डावरच्या शिक्क्याला अर्थ उरणार नाही. त्याला आम्ही एवढेच सांगितले, की तू दोनशे किलोमीटर गेलास, ब्रेव्हे मात्र केली नाहीस. ही दोन वाक्ये वेगळी आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

त्याने यंदा दोन्हीसाठी नाव दिले आहे. थंडीत सोलापूरहून पुन्हा तीच ब्रेव्हे, आणि आषाढात सायकलवारी. वारीत त्याने मागून शेवटच्या स्वाराबरोबर राहण्याचे काम मागून घेतले आहे. पहिल्या प्रवासात तो वेळेत पोहोचतो का, हे आम्हांला निकालातून कळेल. दुसऱ्याचा निकाल कोठे लागत नाही. टेंभुर्णीच्या चौकात उभे राहून, सगळे गेल्यावर कोण येते, हे पाहावे लागेल.